ड्रेनाकची राखणकाठी

सकाळी फाटकाला काठी टांगलेली दिसली की समजायचं, आज शेळ्या आपल्या. ड्रेनाक गावात हाच कायदा. ज्याच्या घरी चार शेळ्या त्यानं एक दिवस सगळ्या गावाचा कळप राखायचा, आठ असतील त्यानं दोन दिवस. संध्याकाळी परत आल्यावर काठीवर आपल्या घराच्या खुणेखाली चाकूनं एक खाच पाडायची आणि काठी पुढच्या फाटकाला टांगून द्यायची. लिहिणं नाही, वाचणं नाही, भांडण नाही. आता भांडण नाही हे जरा जास्तच झालं, पण काठीवरून तरी कधी झालं नव्हतं.

"माझं लग्न झालं तेव्हा राखण बेचाळीस दिवसांनी यायची," मिन्को आजोबा सांगायचे. "एवढ्या वेळात माणूस विसरून जायचा की आपल्याला शेळ्या आहेत. आता? नवव्या दिवशी बया दारात हजर! पाहुणा इतक्या लवकर परत आला असता तर त्याला जेवायलासुद्धा विचारलं नसतं मी."

"तुम्ही आताही विचारत नाही," वेलिका आजी चुलीपुढून म्हणायची. "विचारते ती मी."

देनित्सा त्यांची नात. वय पंधरा, आणि गावातली शेवटची जन्मलेली. तिच्यानंतर ड्रेनाकमध्ये करडं झाली, कुत्र्याची पिल्लं झाली, माणसाचं मूल झालं नाही. गावात माणसं तेवीस. "तेविसावी मी," असं ती शाळेत ताठ मानेनं सांगायची, जणू बाकीचे बावीस तिच्यासाठीच ठेवले होते. आणि होतंही तसंच. वसंतात, ईस्टरच्या आधी, लाझरच्या शनिवारी मुलींनी फुलांचे मुकुट घालून दारोदार गाणी म्हणत अंडी गोळा करायची असतात. पूर्वी म्हणे तीस-तीस मुलींचा ताफा निघायचा. देनित्सा एकटी निघायची. ताफाही तीच, म्होरकीही तीच, आणि टोपलीभर अंडी सगळी तिचीच. समोरचे त्रेन्दाफिल आजोबा तिला बघितलं की हात पसरायचे, "आलं का आमच्या गावचं एकुलतं पिल्लू!"

शाळा खाली तालुक्याच्या गावी, सतरा किलोमीटरवर. ड्रेनाकपासून दोल्ना फाट्यापर्यंत उतरायचं तर चौदा वळणं, आणि ती चौदाच्या चौदा चढून शाळेची बस रोज फक्त तिच्यासाठी यायची. गेल्या जूनमध्ये मात्र कचेरीनं कळवलं होतं: एका पोरीसाठी चौदा वळणं परवडत नाहीत. हिवाळ्यापासून गावात शाळकरी मुलं दोन असतील तर बस वर येईल, नाहीतर फाट्यावर थांबेल. फाटा सहा किलोमीटर खाली. हिवाळ्यात तिथवर चालणं म्हणजे लांडग्याला स्वतः जाऊन भेटणं. म्हणजे मग तालुक्याचं वसतिगृह. आणि देनित्सा वसतिगृहात गेली तर आठ शेळ्यांची दोन दिवसांची राखण करणार कोण? आजोबांचा डावा खुबा दोन वर्षांपूर्वीच संपावर गेला होता. शेळ्या विकाव्या लागणार. आणि शेळ्या विकल्या की त्या घरात उरणार काय, तर दोन म्हातारी माणसं आणि एक घड्याळ.

पण ऑक्टोबरात द्राक्षं काढून झाली आणि शेजारचं बंद घर उघडलं. स्पेनहून पेत्रान्का आली, तिच्या मेलेल्या आईच्या घरात राहायला, चौदा वर्षांच्या पोरीला घेऊन. पोरीचं नाव लुसीया. बस वाचली! आजीनं त्या दिवशी मोठा पाव भाजला, त्रेन्दाफिल आजोबांनी वाईन काढली, आणि देनित्सानं लुसीयाला अशी मिठी मारली की तिचा चष्मा वाकला.

हा आनंद चार दिवस टिकला.

पाचव्या दिवशी राखण होती. कळपाची म्होरकी शेळी सरकार. नावच सरकार, कारण ती कुणाचं ऐकायची नाही. ऐकायची ते फक्त देनित्साच्या शिट्टीचं. लुसीया मजा म्हणून बरोबर आली आणि दुपारी तिनं संत्रं सोलून साल सरकारपुढे धरली. झालं! संध्याकाळी देनित्सा टेकडीवर उभी राहून गाल दुखेपर्यंत शिट्ट्या घालते आहे, आणि सरकार आपली लुसीयाच्या मागे, शेपटी वर करून, शहाण्या सुनेसारखी.

"माफ कर हां," लुसीया म्हणाली. तिचं बोलणं अडखळत यायचं, शब्द जणू दुसऱ्याच्या चपला घालून चालत होते. "मला ठाऊक नव्हतं ती तुझी आहे."

"शेळी ती शेळीच," देनित्सा म्हणाली. "सालीसाठी कुणाच्याही मागे जाते."

मग आजी. वेलिका आजी चीज भरून भाजायच्या बानित्साची पोळी लाटायची तर ती इतकी पातळ की खाली पेपर ठेवला तर बातम्या वाचून व्हाव्यात. लुसीया एकदा आली, बघितलं, हात धुतले आणि दुसऱ्याच खेपेला तशीच पोळी पसरून मोकळी.

"काय हात आहेत पोरीचे!" आजी म्हणाली. "आमच्या देनित्साच्या हातात पीठ गेलं की मुकाट दगड होतं."

"मी शेळ्या राखते आजी."

"राखतेस ना. मी कुठे नाही म्हटलं?"

देनित्सानं चीज कुस्करायचं भांडं इतक्या जोरात आपटलं की मांजर खिडकीतून बाहेर गेलं.

आणि त्रेन्दाफिल आजोबा! त्यांच्या दारापुढून दोघी निघाल्या की म्हातारा हात पसरायचा आणि म्हणायचा, "आली का आमची पिल्लं!" पिल्लं. नुसता एका ऊकाराचा अनुस्वार झाला, पण तेव्हापासून देनित्सा त्यांच्याकडे न बघता पुढे जायला लागली.

पण ह्यातलं काहीच खरं झोंबणारं नव्हतं. खरं झोंबायचं ते सकाळी. दोन्ही घरांच्या मधे एकच दगडी भिंत. पलीकडून रोज पेत्रान्काचा आवाज यायचा, "लुसीयाऽ! टोपी घाल! दूध संपव! अगं, मोजे वेगवेगळे घातलेस!" साधं रागावणं. देनित्साची आई जर्मनीत हॉटेलात खोल्या साफ करायची आणि दर रविवारी फोनच्या पडद्यावर यायची. तीही विचारायची, "टोपी घालतेस ना?" पण घातली नाही तर पडद्यातून हात बाहेर काढून घालता थोडीच येते? देनित्सा अंथरुणात पडल्या पडल्या भिंतीपलीकडचं सगळं रागावणं शेवटपर्यंत ऐकायची आणि मग स्वतःची टोपी मुद्दाम घरी विसरून बसस्टॉपवर जायची.

मार्चमध्ये भूगोलाच्या बाईंनी प्रकल्प दिला: आपला तालुका, जमीन आणि माणसं. देनित्सानं जीव ओतला. नदी, तिचे चार ओढे, डोंगराची धार, अडतीस गावं-वाड्या, प्रत्येकीची उंची, प्रत्येकीची लोकसंख्या, पन्नास वर्षांपूर्वीची आणि आताची. अकरा वाड्यांपुढे शून्य. ड्रेनाकचा तर तिनं वेगळा नकाशा काढला, घर न घर. जिथे माणूस राहतो ते लाल, बंद घर काळं. चौसष्ट घरं, एक्कावन्न काळी.

लुसीयानं आकडे घातलेच नाहीत. तिनं नुसतं ड्रेनाक काढलं, टेकडीवरून दिसतं तसं, आणि ज्या घरात माणूस आहे त्या घराच्या धुराड्यातून धूर. तेरा घरांतून तेरा धूर, प्रत्येक निराळा. त्रेन्दाफिल आजोबांचा जाड आणि काळपट, कारण ते जुने टायर जाळतात. देनित्साच्या घरचा लांब आणि सरळ.

बाईंनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघितलं. मग लुसीयाचं चित्र वर्गाच्या भिंतीवर लावलं. देनित्साला म्हणाल्या, "छान हो, सगळे आकडे बरोबर आहेत."

सगळे आकडे बरोबर! घरी येताना चौदा वळणं देनित्सा खिडकीला कपाळ टेकून बसली. लुसीयानं विचारलं, "तुला बस लागते का?"

"हो," ती म्हणाली. "आजकाल फार लागते."

त्याच आठवड्यातला शनिवार मृतांचा होता. त्या दिवशी सगळ्यांनी उकडलेले गहू, पाव आणि वाईन घेऊन दफनभूमीत जायचं, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर वाईन शिंपायची आणि सगळ्यांनी सगळ्यांना गहू वाटायचे. ड्रेनाकची दफनभूमी गावाच्या वर, आणि गावापेक्षा भरलेली. सकाळीच सगळं गाव चढून गेलं. पेत्रान्काही वेलिका आजीचा हात धरून गेली. देनित्सा मागे राहिली, कारण सरकार विणार होती आणि राखण त्या दिवशी कुणीच करणार नव्हतं.

दहाच्या सुमाराला एक माणूस वर आला. फायलीचं बाड काखेत, एक पाय आखडलेला, कपाळावर घाम. कचेरीतला कारकून बोझिल.

"ए पोरी, गावात कुणी आहे का?"

"आहेत की. दफनभूमीत."

"ते सगळीकडेच आहेत," बोझिल म्हणाला आणि दगडावर बसला. "मी जिवंत मोजायला आलोय. कोणत्या घरात कोण राहतं ते दाखवतेस? गुडघा म्हणतोय मला पुन्हा वर पाठवू नका."

देनित्साला कोण आनंद! ह्याच कामासाठी तर तिचा जन्म होता. ती पुढे, बोझिल मागे. "हे रिकामं. हेही. ह्यात त्रेन्दाफिल आजोबा, एकटे, वय एक्याऐंशी, सांगतात शहात्तर. हे रिकामं, छप्पर पण पडलंय. हे आमचं, तीन माणसं आणि आई, पण आई जर्मनीत." बोझिल लिहीत होता. म्हणाला, "तू बरोबर असतीस तर मला अख्ख्या तालुक्याला दोनच दिवस लागले असते." तिची मान वीतभर लांब झाली.

मग ते पेत्रान्काच्या फाटकापाशी आले.

"आणि हे?"

देनित्सानं घराकडे बघितलं. तिला घर दिसलंच नाही. तिला तिचा नकाशा दिसला, आणि त्यातला ह्या घराचा लाल चौकोन.

"हे रिकामं," ती म्हणाली. "मालकीण स्पेनमध्ये असते."

बोझिलनं पेन थांबवलं. "दोरीवर कपडे आहेत."

"आमचे. इकडे ऊन चांगलं येतं."

"आणि धूर?"

धुराड्यातून खरंच एक बारीक धूर निघत होता. वाकडा, अशक्त. देनित्साचे कान तापले, पण जीभ थांबली नाही. "आजी शेगडी पेटवते अधूनमधून. घराला ओल धरू नये म्हणून."

"भली बाई," बोझिल म्हणाला आणि लिहिलं.

तो निघून गेला. अर्ध्या तासात सरकार व्याली, दोन करडं, ओली, थरथरती. देनित्सानं पेंढ्यानं ती पुसली, त्यांच्या नाकातला चिकटा काढला, आणि तोवर मनाची समजूतही घालून झाली. कुणाच्या फायलीत एक घर रिकामं लिहिलं तर कुणाचं काय जातं?

काय जातं ते पंधरा दिवसांनी कळलं. शुक्रवारी चौदावं वळण घेऊन ड्रायव्हर कोस्तानं बस थांबवली आणि मिन्को आजोबांच्या हातात कागद दिला. "आजोबा, सोमवारपासून मी खाली फाट्यावर. यादीत तुमच्या गावाचं पोर एकच आहे म्हणे."

"एक?" आजोबांनी बसमधून उतरणाऱ्या दोघींकडे बघितलं. "तू रोज दोन नेतोस ना?"

"मी दोन नेतो. यादी एक नेते. मी यादीपुढे कोण?"

रात्री जेवताना आजोबांनी सूपाला हात लावला नाही. "शेळ्या ईस्टरनंतर विकू," ते म्हणाले. "त्याआधी भाव येत नाही." आजीनं भरलेली वाटी तशीच उचलून नेली. देनित्सानं हातातला पाव परत ठेवला.

सोमवारी ते तालुक्याला गेले. आजोबा, पेत्रान्का आणि दोन पोरी. पेत्रान्कानं कागदांची पिशवी घेतली होती. आजोबांनी राखणकाठी. खुबा आवळत, फाट्यापर्यंतची सहा किलोमीटर काठी टेकत ते उतरले आणि दर वळणाला म्हणाले, "काही नाही, चला."

कचेरीच्या खिडकीमागची बाई कागद उलटसुलट करत होती. "बाई, तुमचा पत्ता अजून स्पेनचाच आहे. आणि आमच्या माणसानं स्वतः जाऊन पाहणी केली. घर रिकामं."

"मी ऑक्टोबरपासून त्या घरात झोपते!" पेत्रान्का म्हणाली.

"पुरावा?"

मिन्को आजोबांनी काठी खिडकीवर ठेवली. "हा घ्या. ही आमची खूण, कुऱ्हाड. ही त्रेन्दाफिलची, शिंग. आणि हा चांद पेत्रान्काच्या घरचा. तिच्या आईच्या चार शेळ्या आम्ही सांभाळत होतो, त्या आल्या दिवशी तिला परत दिल्या. बघा, बर्फाचे दिवस सोडून चांदाखाली अकरा खाचा. अकरा दिवस ह्या बाईनं आमच्या शेळ्या राखल्या. रिकामं घर शेळ्या राखतं का?"

खिडकीमागची बाई हसली. तिच्या मागच्या टेबलावरचे दोघं हसले. "आजोबा, काठीला शिक्का कुठे मारू?"

आजोबांचा हात काठीवर तसाच राहिला. नखांत माती असलेला, मोठा, म्हातारा हात. देनित्सानं त्यांना कुणासमोर असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. दिलेली नाणी दुकानदारानं खोटी म्हणून परत सारावीत तसे.

तेवढ्यात आतल्या दारातून बोझिल लंगडत आला. त्यानं काठी बघितली, आजोबांना बघितलं, मग देनित्साला. त्याच्या भुवया वर गेल्या. "मला गावातल्याच कुणीतरी सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. "कोण ते काही आठवत नाही."

तो तिला वाट देत होता. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं.

"मी," देनित्सा म्हणाली. आवाज फुटेना म्हणून पुन्हा म्हणाली, "मी सांगितलं. घर रिकामं आहे म्हणून. कपडे आमचे म्हणून. धूर पण."

पेत्रान्का वळली. "का गं बाळ?"

ती 'बाळ' म्हणाली नसती तर बरं झालं असतं.

"कारण तुम्ही परत आलात," देनित्सा म्हणाली.

आजोबांनी काठी उचलली. बोझिलनं कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "जे खोटं सांगितलंस ते खरं करून लिही. खाली सही कर, आजोबाही करतील. यादी दुरुस्त होईल, पण शिक्के लागायला दोन आठवडे जातील. तोवर बस फाट्यावरच."

देनित्सानं लिहिलं: ह्या घरात पेत्रान्का राहते, तिची मुलगी लुसीया राहते, चार शेळ्या राहतात. लिहिताना लुसीया शेजारी उभी होती.

दोन आठवडे. सकाळी सहा किलोमीटर उतार, दुपारी सहा किलोमीटर चढ, आणि दोघीच. पहिल्या दिवशी देनित्सा वीस पावलं पुढे चालली. दुसऱ्या दिवशी दहा. आजोबा घरात तिच्याशी शेळ्यांपुरतं बोलत. "पाणी दाखवलंस?" "दाखवलं." संपलं. तिसऱ्या दिवशी चढावर पाऊस लागला आणि नवव्या वळणावरच्या खडकाखाली दोघींना थांबावंच लागलं. चिखलानं बूट जड झालेले, ओल्या लोकरीचा वास.

"आता शिव्या दे एकदाच्या," देनित्सा म्हणाली. "मी वाट बघून थकले."

लुसीयानं चष्मा पुसला. "मी घरात होते."

"कधी?"

"त्या शनिवारी. मला ताप होता. शेगडी मीच पेटवली होती. खिडकी उघडी होती, मी सगळं ऐकलं." ती थांबली, शब्द शोधले. "तू रिकामं म्हणालीस, तेव्हा मी श्वास पण धरला. मला वाटलं, गावातली मुलगी म्हणते आहे तर आपण आवाज करू नये."

पाऊस खडकावरून धारेनं पडत होता. देनित्सानं त्या धारेखाली बोटं धरली, सुन्न होईपर्यंत.

"तुझ्या आईला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"कचेरीत पण नाही?"

"तिथे तू सांगितलंस ना."

पंधरा दिवस! बस बंद झाली, शेळ्या विकायच्या ठरल्या, तरी ही पोर पोटात ठेवून बसली. देनित्साच्या पोटात दुसऱ्याची एवढी गोष्ट जेवणापर्यंत टिकली नसती. आणि खरं सांगायचं तर तिला त्याचाही हेवा वाटला. शेळी हिची, पोळी हिची, धूर हिचा, आणि आता गप्प बसणंसुद्धा हिलाच जास्त चांगलं येतं!

"तू फार वाईट आहेस," ती म्हणाली. "एकतरी गोष्ट माझ्यासाठी ठेवायचीस."

"शिट्टी," लुसीया म्हणाली. "मला शिट्टी येत नाही. तोंडातून नुसती हवा जाते. बघ." आणि तिनं करून दाखवली. खरंच नुसती हवा आणि थुंकी. देनित्साला हसायचं नव्हतं. पण हसणं कुणाला विचारून येतं थोडंच?

रविवारी संध्याकाळी देनित्सा आपल्या दोन दिवसांची राखण संपवून आली. आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी खिशातला चाकू तिच्यापुढे धरला, पात्याकडून स्वतः धरून, मूठ तिच्याकडे. तिनं कुऱ्हाडीखाली दोन खाचा पाडल्या. आजोबांनी अंगठा फिरवून बघितल्या. "खोल पाडतेस," ते म्हणाले. "काठी मोडशील." पण म्हणाले.

पुढचं फाटक शेजारचं. रीत अशी की काठी मुकाट टांगायची आणि निघून जायचं. देनित्सा गेली, आणि टांगायच्या ऐवजी तिनं काठीनं फाटक धडाधडा वाजवलं. त्रेन्दाफिल आजोबांचं कुत्रं भुंकायला लागलं.

"घरात कुणी आहे का?" ती ओरडली.

मग खिडकीतून आवाज आला, अडखळत, पण गावभर ऐकू जाईल असा:

"नाही! घर रिकामं आहे! धूर तुझ्या आजीचा आहे!"

आणि त्या मागोमाग पेत्रान्काचा: "पोरींनो, ओरडताय काय! देनित्सा, तू पण! डोक्यावर टोपी कुठे आहे तुझ्या?"

देनित्सानं काठी फाटकाला टांगली आणि खिशातून टोपी काढून पार कानांपर्यंत ओढली.